राष्ट्रपतीची ती कोण?

जानेवारीतल्या पहाटे हरभऱ्याच्या रानातून चालताना पायांना जो आंबट, गार ओलावा लागतो, त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. पानापानांवर दहिवराच्या संगतीने उतरलेला तो रस बोटाने टिपून जिभेवर ठेवावा, तर दात शिवशिवतात, डोळे आपोआप मिटतात आणि झोपेचा उरलासुरला अंमल क्षणात उतरतो. परभणीच्या उन्हाची कीर्ती दिगंतात पोचली आहे, आमच्या थंडीची मात्र कुणी म्हणावी तशी दखल घेतली नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे. त्या पहाटे शालीत गुरफटून बोरी गावाच्या पुढे असलेल्या आमच्या खेड्यात बांधावरून चालताना मी एका अशा स्त्रीचा विचार करत होते, जिच्या देशात आमचा हा गारठा वसंताची सुखद झुळूक ठरला असता.

उत्तर युरोपातल्या एका बर्फाळ देशाची ती राष्ट्रप्रमुख होती. तिचं नाव मी इथे सांगत नाही, कारण ते माझ्याच जिभेला नीट वळत नाही आणि चुकीचं उच्चारून त्या माउलीचा अपमान करण्यात काय हशील? परभणीच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख यांतला भेद सांगण्याची वेळ आली की दरवर्षी मी तिची कहाणी सांगते आणि दरवर्षी माझे विद्यार्थी एकमेकांकडे बघून हसतात. बाईंची मैत्रीण आली, असं म्हणत असतील. म्हणोत बापडे.

मैत्रीणच आहे ती माझी. कामगारांच्या वस्तीत, दाटीवाटीच्या घरात तिचं बालपण गेलं. ती कायदा शिकली, पण वकिलीचा काळा कोट मिरवण्याऐवजी कामगार संघटनेच्या कचेरीत कागदांच्या ढिगाऱ्याआड बसली. मग नगरपालिका, मग संसद, मग मंत्रिपद, आणि शेवटी ते सर्वोच्च आसन. या प्रवासात एकही चमत्कार नाही, आणि मला मोह पडतो तो नेमका याचाच. कुणा थोर घराण्याचा वारसा नाही की सहानुभूतीची लाट नाही. कंटाळवाण्या बैठकांना न कंटाळता बसायचं, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचं आणि आपली पाळी आली की आपलं म्हणणं आपल्याच तोंडाने मांडायचं, एवढ्याच भांडवलावर ती पायरी पायरी वर चढली. सत्ता व्यासपीठावर मिळते असं आपल्याला वाटतं. माझं मत विचाराल तर ती सतरंजीवर, लोकांत मांडी घालून बसल्याने मिळते.

तिचं एक छायाचित्र माझ्या फोनमध्ये कायम असतं. सभोवार बर्फ, दुतर्फा शिस्तीत उभे सैनिक आणि मधून मानवंदना स्वीकारत ती चाललेली, जाडजूड कोटात, ठाम पावलांनी. तिच्या थोडा मागे काळ्या ओव्हरकोटातला एक उंचापुरा गृहस्थ आहे. तो तिचा नवरा. त्याच्या चेहऱ्यावर ना अपमान ना अभिमान. बायकोबरोबर ताडकळसच्या बाजाराला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी निवांत सहनशीलता असते, अगदी तीच.

हे चित्र घेऊन मी गावी आले होते ते शोभावहिनींसाठी. शोभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या गावचं सरपंचपद या खेपेला स्त्रियांसाठी राखीव झालं. भाऊचा कैक वर्षांपासून त्या खुर्चीवर डोळा. मग त्याने वहिनींना उभं केलं, वहिनी निवडून आल्या आणि गावाने हार भाऊच्या गळ्यात घातले. तेव्हापासून सह्या वहिनींच्या आणि शब्द भाऊचे, असा कारभार सुरू झाला. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या भाषेनेच तशी सोय करून ठेवलेली आहे. पाटलाची बायको पाटलीणबाई, मास्तरची बायको मास्तरीणबाई, तशा वहिनी झाल्या सरपंचबाई. म्हणजे सरपंच कोण, हे वेगळं सांगायला नको. एका ‘बाई’ या प्रत्ययाने माझ्या वहिनींचं पद काढून घेतलं आणि ते आदराने काढून घेतलं, त्यामुळे भांडायचीही पंचाईत.

पण दोन-चार दिवसांपूर्वी वहिनींचा फोन आला होता. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होती, नव्या टाकीचं पाणी आधी कुठल्या वस्तीला द्यायचं ते ठरायचं होतं. “ताई, ह्या सभंत मला बोलायचंय,” त्या म्हणाल्या, “उताराच्या वस्तीतल्या बाया लय लांबून पानी आणायल्यात. ह्यांच्या मनात आपली गल्ली पहिली हाय. आज बोलले न्हाई तर मंग कवाच बोलायची न्हाई मी.” मी भाऊला विचारलं तर तो अगदी मायेने म्हणाला, “तिला कशाला तरास? मी हाय की.” दांडगाईविरुद्ध लढता येतं. या मायेविरुद्ध कसं लढायचं, ते कुठल्या राज्यशास्त्रात लिहिलंय?

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा असते. शाळेच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मी वर्गातल्यासारख्या आत्मविश्वासाने फोन पुढे करून सांगितलं, की या बघा, एका देशाच्या राष्ट्रपती. फोन हातोहात फिरला. शेजारच्या गयाबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि विचारलं, “राष्ट्रपती तर मागं उभा हाय. ही त्याची कोन?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांची चूक चूक तरी कशी म्हणावी? ‘पती’ म्हटल्यावर चित्रातल्या पुरुषाकडेच बोट जाणार, आणि पद त्याचं म्हटल्यावर बाई त्याची कुणीतरी असणार. गावाच्या व्याकरणाप्रमाणे गयाबाईंनी ते चित्र अचूक वाचलं होतं. मग मी खडू घेतला. सेनापती, सभापती, अधिपती लिहून दाखवलं. इथे पती म्हणजे नवरा नव्हे, सांभाळणारा, पुढे राहून जबाबदारी घेणारा, आणि सांभाळायचं काम काय बायकांना नवं आहे का, असं विचारलं. तिचं सारं आयुष्य सांगितलं, कामगार वस्तीपासून त्या बर्फातल्या मानवंदनेपर्यंत. गयाबाईंची शंका मात्र फिटेना. “मंग तिचा नवरा काय करतो?” तो आपलं काम करतो, म्हटलं, आणि असा समारंभ असला की हिच्याबरोबर येतो. गयाबाई म्हणाल्या, “बरा हाय की मंग. मधीमधी करत न्हाई.” खोलीभर हसू पसरलं.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. फोन त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मला वाटलं, त्या राष्ट्रप्रमुख स्त्रीचा चेहरा न्याहाळत असतील. पण पडद्यावर तिच्या नवऱ्याचा चेहरा होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “ह्यांना राग येत नसंल का वो ताई?” येत असंल, म्हटलं, पण चालायलेत की मागं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि पंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली सभा बसली. टेबलामागे दोन खुर्च्या होत्या. मोठीवर सवयीने भाऊ बसला, शेजारी पदर सावरून वहिनी. ग्रामसेवकांनी मागचं इतिवृत्त वाचलं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “सरपंच, टाकी झाली, आता नळाला पानी कवा?” भाऊने घसा खाकरला, उभा राहिला. तेवढ्यात त्याच्याकडे न बघता वहिनी म्हणाल्या, “तुमी बसा. त्यांनी सरपंचाला इचारलंय.”

भाऊचा संताप मी लहानपणापासून ओळखते, ताटावरून उठून जाणारा माणूस तो. त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली. त्याचे मित्र खाली बघू लागले. तो टेबलामागून बाहेर आला आणि मला वाटलं, आता हा घरी जाणार, आणि वहिनींनाही मग घरी जाऊन ते सारं निस्तरावं लागणार. पण तो फाटकाकडे गेला नाही. पुढच्या सतरंजीवर जागा झाली होती तिथे, चार माणसांत मांडी घालून बसला.

वहिनी उभ्या राहिल्या. पहिली वाक्यं कापऱ्या आवाजात आली. मग आवाज स्थिरावत गेला, खोल झाला, त्यांचा झाला. उताराची वस्ती आधी, मग शाळेची बाजू, मग बाकीचं गाव, असं त्यांनी कारणांसकट मांडलं. कुणी हरकत घेतली, त्यांनी ती पुरी ऐकून घेतली आणि उत्तर दिलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

मग पुढच्या सतरंजीवरून एक हात वर झाला. भाऊचा. लग्न झाल्यापासून ज्याने बायकोला ‘ऐकलं का’ याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, तो माझा भाऊ सगळ्या गावादेखत म्हणाला, “सरपंच, आमच्या गल्लीला पानी कवा येनार?”

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, “तुमच्या गल्लीचा नंबर शेवटी हाय.”