फूल पडेपर्यंत उठायचं नाही

देव आहे की नाही, हे मी एकदा पुराव्यानिशी ठरवायला निघाले होते. त्यासाठी लागणारं शिक्षण आपल्याकडे आहे अशी माझी खात्री होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील, आबा, मार्केट यार्डात हमाल होते. गुळाच्या ढेपा आणि कांद्याची पोती त्यांच्या पाठीवरून गेली आणि त्यातून माझी पदवी उभी राहिली. हे मी लपवत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते. आई मी शाळेत असतानाच गेली. त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि तिसरी आबांची देवी, यमाई.

हिंजवडीत तेव्हा उसाच्या शेतांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कंपनीत मला टेस्टरची नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचे, हे माझं काम. आबा शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी दुसऱ्याच्या चुका काढती, आन् त्याचा पगार घेती." आमच्या कामात एक नियम पक्का होता. दोष पुन्हा करून दाखवता आला तरच तो खरा. एकदाच दिसला आणि परत दिसला नाही, तर तो भास. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं हात वर करून म्हणायची, "माझ्या मशीनवर तर चालतंय." रोज हेच ऐकून ऐकून मला प्रत्येक गोष्ट त्याच मापानं मोजायची सवय लागली. देवीचंही मी तेच म्हणायचे, की आबांच्या मशीनवर ती चालते, माझ्या मशीनवर चालत नाही. आबा हसायचे, कारण मशीन म्हणजे नक्की काय ते त्यांना कळायचं नाही आणि माझा मुद्दा मात्र बरोबर कळायचा.

मग आबांची नजर अधू होत गेली. सुरुवातीला आम्ही त्याची गंमतच केली. चहा कपाबाहेर पडायचा. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या शेजाऱ्यांच्या सदऱ्याला ते "या, बसा" म्हणाले. पण पुढे रस्ता ओलांडताना ते माझा दंड धरायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाचा आधार घेतला नाही, त्याची ती घट्ट पकड मला सहन होईना. मी त्यांना सदाशिव पेठेतल्या एका नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांचा हात चांगला आणि जीभ तिखट अशी त्यांची ख्याती होती. तपासून झाल्यावर ते म्हणाले, "आजोबा, मोतीबिंदू म्हणजे आंबा नव्हे, पिकायची वाट बघायला. आणखी थांबलात तर आत दाब वाढेल आणि उजवा डोळा कायमचा जाईल."

आबा म्हणाले, "देवीला इचारून सांगतो."

"अवश्य विचारा," डॉक्टर म्हणाले. "भूल तीच देणार आहे का, तेही विचारून या."

आमच्या वस्तीत यमाईची एक छोटी घुमटी आहे. आमच्या माणदेशातून पोट भरायला आलेल्या हमालांनी ती बांधली. आत घडवलेली मूर्ती नाही, शेंदराचा तांदळा, म्हणजे नुसती शेंदूर चढवलेली शिळा आहे आणि त्यावर चांदीचे डोळे. कौल लावायचा म्हणजे गुरवानं शेवंतीची दोन फुलं पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायची आणि आपण मनात प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. आणि एक नियम असा, की फूल पडेपर्यंत उठायचं नाही. लग्न, घर, गावी जाणं-येणं, आबांनी सगळं असंच विचारून केलं होतं. माझं कॉलेजसुद्धा. देवीनं त्या वेळी डावं दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी कधी फार लांबवर नेला नाही.

ऑपरेशनचा कौल लावला आणि डावं फूल पडलं. आबा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "न्हाय म्हटली." एवढ्यावर विषय संपला. माझ्या वडिलांचा डोळा एका ओल्या फुलावर ठरला, याचा मला भयंकर राग आला. मग मी देवीचं टेस्टिंग करायचं ठरवलं.

एका सुट्टीच्या सकाळी मी एकटीच घुमटीत गेले. तात्या गुरवांना फुलं लावायला सांगितली आणि मनात विचारलं, मी पदवीधर आहे का? डावं पडलं. नाही. आबा आज पुण्यात आहेत का? उजवं. मग पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला. उजवं. म्हणजे मी तिथे बसल्या बसल्या देवीनं मला पदवी दिली होती. त्याच वेळी माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. वर्षानुवर्षं शेंदराचे हात बसून देवीचा उजवा खांदा थोडा उतरता झाला होता. तिथलं फूल निसटायला मुळातच सोपं होतं. मी खुशीत घरी आले आणि आबांना सगळा अहवाल दिला.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुला ठाव हाय ते तू इचारलंस," ते म्हणाले. "ठाव असलेलं कुणी इचारतं व्हय? ती चेष्टा झाली. मग तिनंबी केली."

"आणि उतरता खांदा?"

"मला कुठं दिसतोय तो?"

"म्हणून तर म्हणते, डोळे करून घ्या."

"देवीनं न्हाय म्हटलंय."

या गोल फेऱ्यात आम्ही बरेच दिवस फिरलो. दर वेळी मी पुरावा द्यायचे आणि दर वेळी तो बघायला लागणारे डोळेच नेमके नसायचे. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. या वेळी ते काही खोचक बोलले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. "फार थांबू नका," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मी आबांपुढे अक्षरशः हात जोडले. पौर्णिमा उलटून गेली की तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो, असं त्यांनी कबूल केलं.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी आबांना घेऊन पूर्ण तयारीनिशी गेले. फुलबाजारातून एकसारखी, एकाच वजनाची वाटतील अशी फुलं निवडून आणली. पाणी दोन्हींना सारखंच लावायला तात्यांना बजावलं. आणि वाऱ्यानं फूल हललं असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून घुमटीतला पंखा बंद केला, दार ओढून घेतलं. तात्या म्हणाले, "ताई, देवीला घाम येईल." मी म्हटलं, येऊ दे. निकाल स्वच्छ हवा.

निकाल लागलाच नाही. फुलं अशी चिकटली, जणू तिथेच उमलली होती. वारा नाही, हालचाल नाही, पडणार कशानं? तात्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि "मी चहा घेऊन आलोच, तुम्ही उठू नका" असं सांगून गेले. नियमच तसा. आम्ही बसून राहिलो. आबांना फुलं दिसत नव्हती, म्हणून ते मधूनमधून विचारायचे, "पडलं का?" मी म्हणायचे, "नाही." कंपनीची बस, ओव्हरटाइम, आबांची यार्डातली मित्रमंडळी, यांतून आम्ही दोघं असे शेजारी शेजारी, काही न करता, कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो. त्यांच्या हातांकडे मी पाहत होते. पोत्याचा आकडा धरून धरून त्यांची बोटं कायमची वाकली होती. आणि अचानक माझा पुराव्याचा सगळा उत्साह ओसरला. मी मनात म्हटलं, बाई, तू असशील नाहीतर नसशील. मला काही सिद्ध करून दाखवू नकोस. मला फक्त यांचे डोळे पाहिजेत. प्रार्थना म्हणावी असं मी केलेलं ते पहिलंच काही होतं, आणि त्यात हुज्जत घालायला काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. वयस्क, नऊवारी, आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. हातात कागदाच्या पुडीत चांदीचे चिमुकले डोळे. आमच्याकडे डोळ्यांचं दुखणं बरं झालं की देवीला असे डोळे वाहतात. देवीपुढे ते ठेवून त्या आबांजवळच टेकल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. "आमची यमाई लांब. डाक्टर म्हणला, येस्टीत धक्के खाऊ नका, धूळ नको. म्हणलं, हितलीला वाहू. भणी-भणीच त्या."

आबा सावध झाले. "कसला डाक्टर?"

"मोतीबिंदूचा. सदाशिव पेठेतला. लई तिरसट. मला म्हणला, आजी, डोळा माझ्याकडं द्या आन् तोंड स्वतःकडं ठेवा."

आबा मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे न वळता त्यांनी अगदी हळू विचारलं, "सुरी दिसती का वो?"

मी हादरले. डॉक्टरांना नाही, मला नाही, हा प्रश्न त्यांनी त्या अनोळखी बाईंना विचारला. डोळा उघडा ठेवून आडवं पडायचं आणि सुरी आपल्याच डोळ्याकडे येताना बघायची, हे त्यांच्या मनात इतके दिवस होतं. जन्मभर ओझी उचललेल्या माणसाला ते लेकीपाशी बोलवत नव्हतं.

"कुठली सुरी?" बाई म्हणाल्या. "नुसता उजेड दिसतो. दिवाळीत दारातनं बघावं तसा. मी त्या उजेडाकडं बघत नातवाच्या लग्नाचा इचार करत हुते, तवर डाक्टर म्हणला, उठा, झालं. माझ्या मनात लग्न अजून ठरायचं हुतं."

आबा पुन्हा हसले. त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. बाई उठल्या, देवीला नमस्कार केला, आणि मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत प्रसाद समजून त्यांनी दोन्ही फुलं उचलली. एक स्वतःच्या अंबाड्यात खोवलं आणि दुसरं आबांच्या ओंजळीत ठेवलं. "घ्या. घाबरू नगा," असं म्हणून त्या बाहेर पडल्या.

कुठलं फूल डावं, कुठलं उजवं, आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. तात्या चहाचा वास घेऊन परतले आणि रिकाम्या खांद्यांकडे पाहून म्हणाले, "पडलं वाटतं? कुठल्या अंगाला?"

आबांनी फूल दोन्ही डोळ्यांना लावलं. "माझ्या हातात," ते म्हणाले. "आता डावं-उजवं काय इचारायचं."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आबांनी आधी डॉक्टरांना निरखून पाहिलं. "तुम्ही तर तरणे हाय. बोलण्यावरनं म्हातारं वाटला हुता." डॉक्टर म्हणाले, "दृष्टी आली. आता पथ्य म्हणून बोलणं कमी करा." मग आबा माझ्याकडे वळले आणि बराच वेळ बघत राहिले. "आईवर गेलीस की गं," एवढंच म्हणाले. मी बाहेर जाऊन चेहरा धुऊन आले. निघताना मी डॉक्टरांकडे त्या बाईंची चौकशी केली. नऊवारी, काळा चष्मा. ते म्हणाले, "माझ्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या निम्म्या बायका तशाच दिसतात. काहीतरी वेगळं सांगा." मला सांगता आलं नाही. त्या कोण होत्या, हे आजही मला माहीत नाही. असतील कुणाच्या तरी आजी. त्या वेळी, त्या दारातून त्या आत आल्या, एवढंच मी सांगू शकते.

पुढे डोळा पुरता बरा झाला तेव्हा आम्ही घुमटीत चांदीचे डोळे वाहायला गेलो. आबा देवीसमोर वाकले, कितीतरी वेळ पाहत राहिले, आणि वळून म्हणाले, "पोरी, तू खरं बोलली हुतीस. उजवा खांदा उतरता हाय."

माझं म्हणणं शेवटी सिद्ध झालं होतं, आणि तेही आबांच्याच डोळ्यांनी. पण त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा निराशा नव्हती. उलट ते लहान मुलासारखे खुलले होते. "म्हंजी बघ," ते म्हणाले, "ती पहिल्यापासनं व्हय म्हणायलाच बसलीया."

"मग आपल्या पहिल्या कौलाला डावं कसं पडलं?"

"तेच तर तू सांग. उतार उजवीकडं, आन् पडलं डावं. कसं?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. पाणी कमी-जास्त लागलं असेल, पंखा चालू होता. पण ते द्यावंसं वाटलं नाही. देव पुराव्यानं सिद्ध होतो का, असं मला आजही कुणी विचारलं तर मी सरळ सांगते की माझ्याकडे असा पुरावा नाही. होता तो एक फूल होऊन कुणाच्या तरी अंबाड्यातून निघून गेला. पुन्हा करून दाखव म्हटलं तर मला जमणार नाही. पण मी पुराव्याचा हट्ट सोडून, काही न मोजता नुसती बसले, तेव्हाच दार उघडलं, हे मात्र माझ्या मशीनवर घडलेलं आहे, आणि त्यासाठी मी त्या माउलीची ऋणी आहे.

आता दर वर्षी त्या सुमाराला आम्ही दोघं घुमटीत जातो. तात्यांना फुलं लावायला सांगतो. प्रश्न काही विचारत नाही. फूल पडेपर्यंत उठायचं नाही, एवढा नियम तेवढा पाळतो. आणि पंखा मी अजूनही बंदच करते. जितका जास्त वेळ बसायला मिळेल, तितकं बरं.