गोळ्यांची तराई

भट्टी न पेटवता लोहखनिजाच्या गोळ्या करायच्या, हे माझं खूळ. एरवी खनिजाची भुकटी वळून भट्टीत लाल होईस्तोवर भाजतात. मी म्हटलं, कशाला एवढा कोळसा जाळायचा? भुकटीत थोडं सिमेंट कालवू, तिरक्या फिरत्या तबकडीवर गोळ्या वळू, घट्ट होतील आपोआप. चांगली नोकरी सोडून नागपूरजवळच्या वाडी गावात ट्रकवाल्यांच्या गोदामांमागे शेड घेतली.

मे महिना होता. नागपूरचं ऊन फुकटचं, म्हणून मी ऐटीत गोळ्या पत्र्यावर पसरल्या. बायकोला सांगितलं, देवानंच भट्टी दिली आहे. चार दिवसांनी गोळी हातातून पडली की भुगा. सिमेंट वाढवलं, तरी भुगाच. आणि दहा दिवसांवर गोळ्या पारखायला पोलाद कारखान्याचे साहेब येणार होते; पसंत पडल्या तर तेच विकत घेणार. त्यांच्यासमोर गोळी फुटली की शेडला कुलूप, आणि मी जुन्या साहेबाच्या दारात.

त्या रविवारी बाबा शेड पाहायला आले. बाबांचा जन्म गवंडीकामात गेला. त्यांनी एक गोळी उचलली, दोन बोटांत चुरली. "काहून गा, याची तराई कोन करते?"

तराई म्हणजे नव्या सिमेंटला दिवसातून तीनदा पाणी पाजणं. शाळेच्या सुट्टीत बाबांच्या कामावर ते काम माझंच असायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी इंजिनिअर झालो आणि सिमेंट सांडग्यांसारखं उन्हात वाळवत बसलो.

बाबांनी नव्या गोळ्या सावलीत मांडल्या, वर ओली पोती टाकली. आठवडाभर ते प्रताप नगरच्या घरून माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचे.

साहेब आले. गोळी कंबरेच्या उंचीवरून टाकली, उचलली, पुन्हा टाकली. फुटली नाही. "कसं जमवलं?" मी टाय सावरत मॉइश्चर कंट्रोलवर लांबलचक भाषण ठोकलं. साहेबांची नजर बादली घेऊन उभ्या असलेल्या बाबांकडे गेली. "हे कोण?"

"हे पाणी टाकतात," मी म्हणालो.

बाबा हसले. "हो साहेब. लहानपनी हा माह्या भिंतीले पानी टाके. आता मी याच्या गोळ्यायले टाकून राहिलो."

साहेबांनी वाकून बाबांना नमस्कार केला आणि पोत्यांबद्दल त्यांनाच विचारत बसले. मी लाजेनं अर्धा झालो होतो. दुपारची तराई राहिली होती. बाबांच्या हातातली बादली घेतली आणि टाय गळ्यात तसाच ठेवून पोती भिजवू लागलो.