पूजेत ठेवलेला पाना

मैत्रिणींनो, आज विश्वकर्मा पूजा. लांजीला माहेरी माझे बाबा अत्यवस्थ, आणि आमच्या गाडीचं मागचं चाक पंक्चर. चाक खोलायचा मोठा पाना घरी नाही. ह्यांनी पकड लावून पाहिली, पण नट हललाच नाही. दुकानं, गॅरेज सगळी पूजेसाठी बंद. शेवटची बसही निघून गेलेली.

शेजारच्या मिस्त्रीभाऊंकडे धावले. पाना समोरच होता, हळदकुंकू लावलेला.

"वहिनी, आज पूजेतलं अवजार उठत नाही, कामाला लावत नाहीत. सकाळी देतो."

"बाबा सकाळपर्यंत राहतीन काय, भाऊ?"

त्यांनी पान्यापुढचा दिवा सारखा केला. मीही हात लावला नाही, हा नेम मीही पाळते.

आत्ताच भावाचा फोन आला, "ताई, बाबा तुलेच विचारून राह्यले."

सांगा, देवाला खरंच राग आला असता काय?