मामी आणि कोरं कापड

जगातलं कुठलंही कापड मरत नाही, असं छातीठोकपणे सांगणारी एकच बाई मी पाहिली आणि ती माझी मामी होती. मी तिच्याकडे राहत होते त्या दुष्काळाच्या साली विहिरी गेल्या, जनावरं गेली, शेजारपाजारची अर्धी माणसं खडी फोडायला गेली, पण कापड कुठे जात नाही, ते फक्त जागा बदलतं, हा तिचा सिद्धान्त काही हलला नाही. सदऱ्याची पाठ म्हातारी होते तेव्हा त्याचा घेर ऐन तारुण्यात असतो. लुगडं मधे विरतं तेव्हा त्याचे काठ नुकते कुठे रंगात आलेले असतात. "मग मेलं कोन, सांगा बरं?" असा तिचा सवाल असे, आणि विचारताना हातात कातर असल्यामुळे कुणी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसे.

राहुरीला मामाकडे राहून मी रोज एस.टी.ने नगरच्या कॉलेजात जात असे. त्या घरातला पहिला धक्का मला बोहारणीने दिला. चारचौघांच्या दारात बोहारीण येते ती जुने कपडे घेऊन भांडी द्यायला. आमच्या दारात हा व्यवहार उलटा चाले. मामी भांडी द्यायची आणि कपडे घ्यायची. बोहारणीला आधी ही बाई वेडी वाटली असणार, पण पुढे पुढे ती गावभर फिरून झालं की आपलं गाठोडं सरळ आमच्या ओसरीवर सोडू लागली. लग्नात आलेली स्टीलची भांडी अशी एकेक करून आमच्या अंगावर आली. माझा निळा कुर्ता म्हणजे मुळात झाकणाचा डबा. मामांचा बुशशर्ट म्हणजे दोन पेले आणि एक डाव. शेवटी शेवटी मामा जेवताना आमटीला वाटी मागत तेव्हा ती म्हणे, "भाकरीचं आळं करा की. वाटी कशाला लागती?"

मामा कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. शांत माणूस. पण सुट्टीच्या दिवशी ते वर्तमानपत्र घेऊन मागच्या अंगणात दोरीखाली बसत, ते काही उन्हासाठी नव्हे. वाळत घातलेलं कापड आणि टाकून दिलेलं कापड यांत मामीला फारसा फरक वाटत नसे. एकदा ती त्यांची विजार उजेडाला धरून निरखत होती.

"गुडघ्याला विरलीया ही."

"अगं, पण मी घालतोय ती अजून!"

"घाला की. आजच्या दिस घाला."

बाजाराच्या दिवशी तंबूत सिनेमा लागे. मामी कुठलाच सिनेमा चुकवत नसे आणि तिला एकाचीही गोष्ट सांगता येत नसे. नायक शेवटी जगला की मेला हे विचारलं तर ती म्हणायची, "त्याचं म्हाईत न्हाई बाई, पन रडताना त्या नायकिनीनं हात वर केला ना, तवा दिसलं, बाहीला चुन्या खालून घातल्यात." पुढच्या आठवड्यात तशाच चुन्या माझ्या बाहीला असत. राहुरीच्या बाजारपेठेत मी पुण्यामुंबईच्या मुलींच्याही पुढची फॅशन करून हिंडत असे, आणि एखादी अनोळखी बाई आपल्या मागे मागे येऊन पोलक्याच्या गळ्याकडे टक लावून बघते आहे असं कुणी घाबरून सांगितलं, की ती आमची मामीच असणार हे आम्ही न विचारता ओळखत असू.

तिची शिवायची रीत मात्र तिची एकटीची. पाटावर हातमशीन, खडूऐवजी साबणाची झिजलेली कपची, माप म्हणजे एकदा वर-खाली बघणं. कपडा हाती आला की ती आधी त्याचं भोक शोधायची. फाटलेलं, जळलेलं, डाग पडलेलं, काहीही चाले, पण ते सापडल्याशिवाय कातर उघडत नसे. "तेच सांगतं कुठनं जायाचं ते," असं म्हणायची. गाठोड्यातून कुणा साहेबाचा गरम कोट आला, खांद्यापाशी इस्त्रीने जळलेला. तिने बाहीसकट ती जखमच उडवून टाकली आणि मला बिनबाह्यांचं असं जाकीट शिवून दिलं की नगरच्या मुली मला दुकानाचं नाव विचारू लागल्या. मामीने शिवलंय म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना.

त्या जाकिटाची कीर्ती राहुरीच्या महिला मंडळापर्यंत गेली. मंडळ बायकांसाठी शिवणवर्ग काढत होतं आणि शिकवायला बाई हवी होती. मामीला बोलावणं आलं. त्या आठवड्यात तिने मामांच्या एकाही कपड्याकडे वाकडी नजर टाकली नाही, यावरून काय ते समजा. भाकऱ्या थापता थापता मला म्हणाली, "मला शाळंत धाडलंच न्हाई कुनी. आता चार पोरी मला बाई म्हनतील. शिवनाच्या बाई. कसं वाटंल गं?" मी आजवर तिला कशासाठी लाजताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लाजली.

मंडळात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. अध्यक्षीणबाईंनी मामीसमोर गुलाबी पॉपलीन ठेवलं, कोरं, ताग्यावरून नुकतं फाडलेलं. "फार काही नको वहिनी, तान्ह्या बाळाचं झबलं कापून दाखवा. बस."

मला हसूच आलं. झबलं तर ती झोपेत कापील. मामीने कापड पसरलं, उलटलं, पुन्हा पसरलं. खिडकीकडे धरून आरपार पाहिलं. साबणाने एक रेघ ओढली आणि पदराने पुसली. कातर उघडली, मिटली. चहा आला, बशा खाली ठेवल्याचे आवाज झाले, कुणीतरी खाकरलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, मामी, काप ना! मग तिने ते कापड जसं आलं होतं तशा घडीवर घडी घालून अध्यक्षीणबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"ह्याचं काय बिघडलंय, म्हनून मी ह्याला कातर लावू?"

बायका हसल्या. काहींना तो तोरा वाटला, काहींना अडाणीपणा. शिवणवर्गाला पुढे नगरहून एक शिकलेल्या बाई आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या.

घरी येताना मामी माझ्या पुढे चालत होती. मी तिला गाठलं आणि जरा चिडूनच म्हटलं, "मामी, झबलंच तर होतं गं!"

"व्हय की." ती थांबली. "आमी पाच बहिनी. मी शेंडेफळ. जे आलं ते चौघींच्या अंगावरनं उतरून आलं. लग्नातला शालूबी थोरलीचाच. कोऱ्या कापडाला हात लावला ना पोरी, की वाटतं, आता मागनं आई वरडंल, ए, ठेव ते, थोरलीचं हाय."

असं म्हणून ती हसली आणि पुन्हा चालू लागली.

त्यानंतरही ती खूप वर्षं शिवत राहिली. आम्ही भाचरंडं, भाचेसुना, शेजारणी, जो तो तिच्यासाठी आठवणीने काही ना काही घेऊन जाई. कुणी विरलेली साडी, कुणी नवऱ्याची फाटकी पँट, कुणी डाग पडलेला पडदा. तिला हेच आवडतं, असं आम्ही एकमेकांना कौतुकाने सांगत असू. आता वाटतं, एवढी माणसं आम्ही, पण ताग्यावरचं सव्वा वार कापड तिच्या हातात ठेवून, मामी, हे तुझंच आहे, खुशाल बिघडव, असं म्हणायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.