बाजेखालचा ससा

हार्डवेअरच्या दुकानात बसून मी मापाच्या टेपा विकतो. नुसत्या विकत नाही, वर सल्लाही देतो, "कपाट घ्यायच्या आधी दाराचं माप घ्या, नाहीतर तुम्ही आत आणि कपाट बाहेर." गिऱ्हाईक हसतं आणि टेप घेऊन जातं. असा हा शहाणा माणूस, आणि मी हौसेनं बनवून घेतलेला सशाचा पिंजरा आमच्याच घराच्या दारातून आत गेला नाही.

आडवा केला, तिरपा केला, चौकटीचा रंग खरवडून निघाला. वेल्डरनं आधीच विचारलं होतं, "भैया, दरवाजा नाप लिया ना?" आणि मी ऐटीत म्हणालो होतो, "आप वेल्डिंग देखो." आता तो बिचारा आपल्या चपलांकडे पाहत उभा होता. बायको मात्र गप्प राहणाऱ्यांतली नाही. पदराला हात पुसत ती बाहेर आली, पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "यात ससा राहीन का तुमी? तुमी बी मावता."

शेवटी पिंजरा अंगणातच राहिला, पत्र्याच्या छपरीखाली. दोन मजले, वर चढायला फळी, पाण्याला वेगळा कप्पा. ससा त्यात सोडला. त्यानं फळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका कोपऱ्यात गेला आणि जाळीला चिकटून बसून राहिला.

ससा मुळात मुलीचा. गोंदियाच्या बाजारातून तिनं तो आणला, त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं आणि शिकायला नागपूरला निघून गेली. ते नाव घरात कोणाच्या तोंडी बसलं नाही. ससा बाबूजींच्या वाट्याला आला, म्हणजे माझ्या वडिलांच्या.

बाबूजींना लकवा मारून तेव्हा काही महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. त्याआधी त्यांचं प्रत्येक वाक्य 'अबे'नं सुरू व्हायचं. अबे, मोटार बंद कर. अबे, धान भिजून राहिलं, दिसत नाही का? अबे, एवढा मोठा झाला, अक्कल कधी येणार? लकव्यानं पुढचं सगळं नेलं, सुरुवात तेवढी मागे ठेवली. मी गेलो तरी 'अबे', तपासायला डॉक्टर आले तरी 'अबे', टीव्हीवर बातम्या लागल्या तरी 'अबे'.

माझ्या बायकोशी ते आयुष्यात असं बोलले नव्हते. ती त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची, ते तिच्याशी भिंतीकडे पाहून बोलायचे. तिला पहिल्यांदा 'अबे' म्हणाले तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन तोंडाला पदर लावून हसली. मग भाजी चिरायला बसली. भाजीत कांदा नव्हता, तरी डोळे पुसत राहिली.

"आता मी बी या घरची पोरगी झाली," मला म्हणाली.

हळूहळू तिला सगळी 'अबे' ओळखू यायला लागली. पाण्याचं वेगळं, कूस बदलायचं वेगळं, उन्हाची खिडकी लावायची तर आणखी वेगळं. मला एकही ओळखता आलं नाही. मी पाणी नेलं की त्यांचं बोट पंख्याकडे जायचं. मी पंखा लावला की ते डोळे मिटून घ्यायचे, या पोराकडे आता देवानंच पाहावं अशा चेहऱ्यानं.

सशाचं आणि त्यांचं मात्र बरं जमलं होतं. समोरच्या खोलीत सुतळीनं विणलेली बाज, बाजेवर बाबूजी, आणि खाली फळांच्या पेटीला जाळी ठोकून केलेला पिंजरा. बाबूजींचा डावा हात बाजेवरून खाली लोंबायचा, बोटं जाळीतून आत. त्या बोटांखाली डोकं घालून ससा दुपारच्या दुपार बसून राहायचा. आम्ही राहतो सालेकशात, रुळांपासून जवळच. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात. ससा घाबरून मागचा पाय आपटायचा, धप धप. मग बाजेवरून आवाज यायचा, "अबे..." हळू, लांबवलेलं, जवळजवळ गाण्यासारखं. पाय थांबायचा. हे असलं 'अबे' आमच्यापैकी कोणाच्या वाट्याला कधी आलं नाही.

धान कापणीच्या दिवसांत बाबूजींना दुसरा झटका आला. त्यांना गाडीत निजवताना त्यांनी डावा हात उचलून घराकडे केला. "अबे," म्हणाले.

"सशाचं म्हणून राहिले," बायको म्हणाली.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "हो बाबूजी, त्याले मी पायतो. फिकर नका करू." त्यांनी हात खाली घेतला. गोंदियाच्या दवाखान्यातून आम्ही त्यांना परत आणलं ते पांढऱ्या कापडात झाकून.

तेरवी झाली. आमच्याकडे गेलेल्या माणसाची बाज उभी करून ठेवतात, तशी ती मागच्या भिंतीला उभी केली. खोली फिनाइलनं धुतली. फळांची ती पेटी मुरून कुबट झाली होती, ती मी कबाड्याला देऊन टाकली. शब्द दिला होता ना बाबूजींना, मग सशाला चांगलंच काहीतरी द्यायचं, असं माझ्या मनात बसलं होतं. बाबूजी होते तेव्हा त्यांच्यासाठी मला धड पंखाही लावता आला नाही. निदान सशासाठी दोन मजली पिंजरा तरी. त्या दोन मजल्यांचं कारण हे असं आहे.

पण ससा खुश होईना. दिलेलं नुसतं हुंगायचा, जरासं कुरतडायचा आणि सोडून द्यायचा. हाताला त्याचा कणा लागायला लागला. मुलीला फोन केला, ती म्हणाली, "पप्पा, त्याला लपायला जागा द्या." मी दुकानातलं नळाच्या तोट्यांचं खोकं ठेवलं. कोणीतरी सांगितलं, आरसा ठेवा, त्याला सोबत वाटेल. मी आरसा लावला, तो आरशाकडे पाठ करून बसला. धान निघालेल्या बांधीत लाखोरी उगवली होती, तिचे कोवळे शेंडे खुडून आणले. ही भाजी आमच्याकडे माणसंही आवडीनं खातात. मी पिंजऱ्यासमोर बसून "सोन्या, राजा" करत एकेक शेंडा त्याच्या तोंडाशी नेला. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. शेवटी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बैल असता तर मी छातीठोक सांगितलं असतं. सशाचं एवढंच माहीत आहे, एक दिवस पूर्ण उपाशी राहिला की त्याचं पोट बंद पडते. मग हाती लागत नाही."

आणि मालगाडी. अंगणात तिचा आवाज थेट येतो. ती कधीच निघून गेलेली असायची, तरी पिंजऱ्यात पाय आपटणं चालूच असायचं.

एका दिवशी दुपारी जेवायला आलो तर सकाळची लाखोरी जशीच्या तशी. आदल्या संध्याकाळचीही तशीच, सुकलेली. खाली एक लेंडी नाही. मी जाळीत हात घातला, तो सरकलाही नाही.

बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली. "त्याले महाल नाही पायजे," ती म्हणाली. "बाज आणा."

"कोणती?"

"कोणती म्हणजे? मामाजीची."

"अगं, बाबूजींची बाज उभी केलेली आहे. अशी परत घरात आणतात का? लोक काय म्हणतील?"

"ससा मेला तं लोक येणार आहेत का त्याच्या तेरवीले? उभी तुमीच केली ना? आता आडवी करा."

बाज दारातून सरळ आत गेली. तिच्या चार पायांचे डाग फरशीवर अजून होते, फिनाइलनं गेले नव्हते. त्यांच्यावरच ती टेकवली. तिन्ही बाजूंनी फळ्या आणि विटा लावल्या आणि सशाला खाली ठेवलं. तो मधोमध बसला, कान पाठीला चिकटवून. हातातली थोडी लाखोरी पुढे टाकली. काही नाही. बायकोचा भात गॅसवर होता, ती आत गेली.

पिंजऱ्याच्या ओढाताणीनं माझी कंबर आधीच धरली होती. मी बाजेवर टेकलो, मग जरा आडवा झालो. सुतळीला बाबूजींच्या अंगाचा खोलगा पडलेला. ते हडकुळे, मी हा असा, त्यामुळे पोट काही त्यात मावलं नाही. पण खांदा बरोबर त्या जागी गेला, आणि डावा हात आपोआप खाली लोंबला.

"ये राजा, खाऊन घे थोडं," मी म्हणालो. खाली सामसूम.

वर पाहिलं. पंख्याचं एक पातं धुळीनं काळं झालं होतं. एवढे महिने बाबूजींनी हेच पाहिलं असणार. पंखा लावा नव्हे, पंखा पुसा म्हणत असतील कदाचित. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, हे मला या वयात कळलं.

तेवढ्यात मालगाडी आली. भांडी वाजली. बाजेखाली धप धप सुरू झालं.

"अबे..." मी म्हणालो.

म्हणालो म्हणजे, निघालं तोंडातून. आवाज माझाच होता, पण असा लांबवलेला मी तो माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाय थांबला. गाडी गेली, भांडी गप्प झाली, आणि बऱ्याच वेळानं बोटांना मिशा लागल्या. मग नाक. मग हडकलेलं छोटं डोकं बोटांखाली शिरलं. मी श्वास धरून दुसऱ्या हातानं लाखोरीचा एक शेंडा खाली सोडला. तो हळूच ओढला गेला, आणि बारीक कुरकुर ऐकू यायला लागली.

दाराशी चाहूल लागली म्हणून मान वळवली. बायको उभी होती. तिच्या डोक्यावर पदर होता, बाबूजींसमोर घ्यायची तो, माझ्यासमोर ती कधी घेत नाही. ओल्या हातात पाण्याचा गिलास. भात करपल्याचा वास येत होता. ती बाजेकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मी उठायला गेलो, पण हाताखाली ससा होता.

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. जवळ येऊन गिलास माझ्यासमोर धरला.

"आता आणलंच आहे तं पेऊन घ्या," ती म्हणाली.