लिंबाच्या जागेवरची कमान

आमच्या कॉलनीत ‘आद्य रहिवासी’ म्हणून ज्यांचा सत्कार झाला, त्यांतले निम्मे नळ आल्यावर राहायला आले. त्याआधी ते रविवारी स्कूटरवरून यायचे, प्लॉटच्या कोपऱ्यातला दगड जागेवर आहे का बघायचे आणि नवी पेठेत परत जायचे. आता म्हणे यांनीच माळावर नंदनवन फुलवलं! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

खरं तर माळावर पहिलं बिऱ्हाड आमचं. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. खाली मुरूम, वर सोलापूरचं ऊन, आणि टँकर चार दिवसांनी. आईचा नियम कडक होता: तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फाटकासमोरच्या कडुलिंबाला. मी एकदा ते उंबऱ्यापुढेच ओतलं, तर तिनं मला जेवायला वाढलं नाही. लिंब वाढला. पुढे टँकरची रांग त्याच्याच सावलीत लागायची.

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या अध्यक्षांना ग्रॅनाइटची कमान सुचली. तिच्यावर आद्य रहिवाशांची नावं. अख्खा रस्ता मोकळा होता, पण या शहाण्यांना लिंबाचीच जागा हवी होती. आई अक्कलकोटला मावशीकडे गेली होती, तेवढ्यात लिंब तोडला. परतल्यावर ती रिक्षातून उतरली आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली.

सत्कार भर दुपारी, पाहुण्यांच्या सवडीनं. आद्य रहिवासी घामाघूम होऊन भिंतीच्या वीतभर सावलीला चिकटले होते. बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? प्लॉट वडिलांच्या नावावर, म्हणून कमानीवर त्यांचं नाव होतं, आईचं नव्हतं. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप दिलं. लिंबाचं!

“साहेब,” आई माइकसमोरच म्हणाली, “हे लावायचं कुटं? हितलं तर तुमी तोडलं की.”

अध्यक्ष कसनुसं हसले. “काकू, रीतसर ठराव झालाय. सगळ्या सभासदांच्या सह्या आहेत.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. वडील गेल्यापासून घरातला सभासद मीच. शिपायानं कागद आणला तेव्हा मी चहा पीत होतो. न वाचताच सही ठोकली होती.

घरी येऊन तिनं रोप अंगणात लावलं. जेवणानंतर नळ सुरू असतानाही तिनं भांड्यांचं पाणी बादलीत धरलं आणि बादली माझ्यापुढे आणून ठेवली.

“आता तू घाल,” म्हणाली.