चांदा नावाचा परदेश

माझी नात साता समुद्रापलीकडे राहते आणि शनिवार-रविवारी कुठे कुठे भटकून आल्याचे फोटो पाठवते. तिला वाटतं, आपल्या घरातली पहिली परदेशी तीच. साफ चूक. पहिली मी. माझा परदेश म्हणजे चांदा, ज्याला तुम्ही आता चंद्रपूर म्हणता.

आमचं गाव ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं, वर्धा आणि वैनगंगा जिथे मिळतात त्याच्या जरा खाली. मोठा बाजार चामोर्शीचा, आणि मी तोवर पाहिलेलं सगळ्यांत मोठं शहरही तेच. नवरा आमच्यातलाच, पण चांद्याला कोळशाच्या खाणीत पंपावर लागला होता. पाण्यातून मासे काढणाऱ्याचा पोरगा खाणीतून पाणी काढायला लागला. त्या पंपाचं असं कौतुक करायचा, की मला सवत आणल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमारास आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, असं लोक बोलू लागले. मी अंगणात जाऊन बघून आले होते, काही हललंय का. एवढी मी हुशार.

चांद्याला पठाणपुरा दरवाजाच्या आत आमची एक खोली. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब. तिन्हीसांजेला दिवा आपोआप लागायचा. त्यात तेल घालायला कोण येतो ते पकडायचं, म्हणून मी रोज पदर खोचून दारात उभी. तीन आठवडे तो माणूस मला चुकवत होता.

आणि नळ! भिंतीतून पाणी! आमच्याकडे सकाळचं पहिलं पाणी हात जोडून घेतात, म्हणून मी नळालाही आधी हात जोडायची. शेजारीण नागपूरकडची, जिभेची तिखट.

"काऊन वो बाई, नळाले नमस्कार करून राह्यली? तो का देव हाये?"

"भिंतीतून पाणी देते तो. तुह्या घरचं कोणी देते का?"

सगळ्या बायका हसल्या. मी नाही हसले. खरं सांगते, आजही नळ सुरू झाला की क्षणभर माझा हात थबकतो.

पण गंमत अशी, की दिवसभर तोंड उघडं टाकून बघायचं आणि दार लावलं की रडायचं. मला गावी जायचं होतं. दिवाळी झाल्यावर मी नवऱ्याला तसं सांगूनच टाकलं.

"धान कापून झालं की तुहा बा येन म्हणते," तो म्हणाला. "तवापर्यंत राह्य. मंग जाचं असन तं जा त्याच्यासंगं. मीबी पंप सोडतो न येतो. तुह्याशिवाय इथी का करू?"

असा आमचा ठराव. मी त्याच दिवशी गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं. ते बघून त्यानं रविवार हाती घेतले.

पहिल्या रविवारी त्यानं मला सायकलवर मागे बसवून शहराचा परकोट दाखवला. गोंड राजांचा, सगळ्या शहराला कवेत घेतलेला. एवढा दगड माणसांनी एकावर एक ठेवला, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी भिंतीला गाल लावून उभी राहिले. ऊन पिऊन दगड तापलेला होता, जनावराच्या अंगासारखा.

मग एकदा रेल्वेनं बल्लारपूर. मी शेजारणींच्या पाया पडून, मुरमुरे आणि सुकट मासळी तीन दिवसांची बांधून निघाले. गाडीत बसून पुरचुंडीची गाठ सोडते न सोडते तोच नवरा म्हणाला, "चाल, उतर." तरी त्या तेवढ्यात झाडं उलटी पळताना पाहिली होती मी. खोटं कशाला बोलू, भीतीनं त्याचा दंड धरला होता. नखं उमटली होती.

शेजारणी तर रविवारी लॉरीत बसून ताडोबाला जंगल बघायला जायच्या. मला वाटलं, थट्टा करतात. झाडं बघायला कोणी जातं? आमच्या गावचे लोक जंगलातून उजेडी परत यायची घाई करत.

बाकीचे रविवार आम्ही इरई नदीवर काढले. तिथे नवरा पोहायचा आणि मी खडकावर बसून, ही काय नदी, आमची बघ, म्हणून नाकं मुरडायची.

धान कापून झालं आणि बा आला. खांद्यावर जाळं. ढिवर जाळ्याशिवाय प्रवासाला निघाला तर त्याला उघडं फिरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सोमवारी निघायचं होतं. नवरा बाला म्हणाला, "मामा, चाला, इरई दाखवतो." माझं गाठोडं कोपऱ्यात तसंच बांधलेलं होतं.

नदीवर चिटपाखरू नव्हतं. बानं जाळं खांद्यावरून उतरवलं आणि तसाच उभा राहिला. आमच्यात दुसऱ्याच्या पाण्यात विचारल्यावाचून जाळं टाकत नाहीत. त्या काठचं माणूस शोधायचं, त्यानं हो म्हटलं की मगच.

"टाका न, मामा," नवरा म्हणाला. "कोण पाह्यते इथी?"

"पाह्यनारा नाई म्हनून टाकाचं का?" बानं त्याला झापलं आणि माझ्याकडे वळला. "तू रायते न इथी? सांग बाई, टाकू का?"

नवरा खाली बसला आणि सायकलची साखळी तपासू लागला. साखळीला काहीही झालेलं नव्हतं. मला नको विचारू, मी कुठची इथली, एवढं म्हटलं असतं की त्याचा पंप संपला असता. मी बाच्या पायापुढचं पाणी पाहिलं.

"इथी नको टाकू," मी म्हटलं. "खाली बाभळीच्या काट्या हायेत, जाळं फाटन. वर चाल, त्या काळ्या खडकापाशी डोह हाये. तिथी टाक."

विचार करून बोलले असं कोणाला वाटू नये. जाळं फाटू नये एवढंच मनात होतं. बोलून झाल्यावर माझेच कान तापले.

बा खडकापर्यंत गेला, कमरेतून वळला आणि त्यानं जाळं सोडलं. ते मी जन्मापासून बघत आले होते, पण इतकं गोल उघडताना कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर हवेत थांबलं, सगळी नदी त्याच्याखाली मावेल असं, आणि मग अलगद पाण्यावर बसलं.

मागे सायकल धाडकन आडवी झाली. बानं वळून पाहिलं नाही. दोर हातात तोलत, पाण्याशी बोलावं तसा म्हणाला, "उद्या मी एकलाच निघतो मंग."